दिवेलागणीचे फ्रेंच

आमच्या घरात फ्रेंच भाषा रोज दिवेलागणीला, हातपाय धुऊन, देवासमोर मांडी घालून शिकली जात असे. 'शुभं करोति' झाले, रामरक्षा झाली, की फ्रेंच.

यात वावगे काही नव्हते. ठाण्याच्या एका शाळेत मी संस्कृत आणि गणित शिकवीत असे, आणि मानवजातीने आजवर जे काही पाठ केले ते परवच्याच्या जोरावर केले, असे माझे ठाम मत होते. जे रोज ठरावीक वेळी, ठरावीक क्रमाने, मोठ्याने म्हटले जाते ते जन्मात विसरत नाही. (ते जन्मात उपयोगी पडते की नाही, हा प्रश्न मला तेव्हा कोणी विचारला नव्हता.)

हा फ्रेंचचा खटाटोप माझा धाकटा भाऊ वसंता याच्यासाठी होता. तो अंबरनाथच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता. तेथे फ्रान्सहून नवी यंत्रे आली होती आणि ती समजून घेण्यासाठी एका माणसाला सहा महिने फ्रान्सला पाठवायचे ठरले होते. परत आला की तो माणूस फोरमन! नावे दोन निघाली : एक वसंता, दुसरा कॉलेजात फ्रेंच घेऊन पास झालेला एक तरुण. वसंता यंत्राच्या पोटात हात घालून आजार ओळखत असे, पण फ्रेंच म्हणाल तर शून्य. निवड करायची होती यंत्रांबरोबर आलेल्या रेनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने. त्याने सांगितले, "मी दोघांच्याही घरी जेवायला जाईन. पाव मागता येईल, पाणी मागता येईल, एवढे फ्रेंच ज्याला येते तो मला पुरे."

"दादा, महिन्याभरात एवढं येईल का रे मला?" वसंताने विचारले.

"एवढं? अरे, तू झोपेत बोलशील!" मी म्हणालो.

आमच्या शाळेतील इंग्रजीचे शिक्षक कॉलेजात फ्रेंच शिकले होते. त्यांनी तीसेक सोपी वाक्ये निवडून दिली आणि उच्चार माझ्याकडून घोटवून घेतले. म्हणजे उच्चार त्यांचे, पद्धत माझी. उच्चारांबद्दल पुढे कोणाचीही तक्रार आली नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

वाक्ये मी शास्त्रशुद्ध क्रमाने लावली. आधी नमस्कार, "बाँझूर, मस्यो." मग डोळ्यांसमोरच्या वस्तू : "व्वासी ला ताब्ल", म्हणजे हे टेबल; "व्वासी ला शेझ", म्हणजे ही खुर्ची. पुढे खिडकी, दार, दिवा. त्यानंतर स्वतःचे नाव, मग धंदा, आणि अगदी शेवटी अन्नपाणी, म्हणजे पाव आणि "द लो", म्हणजे पाणी. (आधी परिसर, मग माणूस, मग पोट! शिक्षणशास्त्रात हाच क्रम मानला जातो. निदान मी मानीत असे.)

वसंता एकटा म्हणेना, लाजे. म्हणून घर सामील झाले. आई फुलवाती वळता वळता म्हणू लागली. माझी पत्नी मालती तांदूळ निवडता निवडता. डोंबिवलीची मावशी मोतीबिंदू दाखवायला म्हणून आठ दिवसांसाठी आली होती, ती फ्रेंचची गोडी लागल्याने राहिली, आणि तिने साऱ्या वाक्यांना भूपाळीची चाल लावून टाकली. चालीमुळे पाठांतर असे सरसर पुढे गेले, की नौपाड्यातून संध्याकाळी फिरायला निघालेले लोक आमच्या खिडकीशी थांबून हात जोडू लागले.

एकदाच वसंताने कुरकुर केली. "दादा, मला मधलं वाक्य एकदम आठवत नाही रे. पहिल्यापासून म्हणत यावं लागतं."

"रामरक्षेतला मधलाच एखादा श्लोक एकदम आठवतो तुला?"

"नाही."

"मग वसंताला रामरक्षा येत नाही, असं म्हणतं का कोणी?"

वसंताला हे पटले. मावशीला मात्र पटत नसे.

"अरे दत्तू, हा तिथे वाण्याकडे पाव मागायला गेला म्हणजे आधी टेबल-खुर्चीपासून सुरुवात करणार का? वाणी दुकानाला कुलूप लावून जेवायला जाईल की रे!"

"मावशी, भाषेचं शास्त्र वेगळं असतं," मी शांतपणे म्हणालो. त्या शांतपणाची आज मला लाज वाटते.

रविवारी दुपारी रेनारसाहेब यायचे ठरले, आणि पहिलीच अडचण उभी राहिली. आमचे दुसरे वाक्य होते 'हे टेबल', आणि घरात टेबलच नव्हते!

"पाटावर बसवू की," आई म्हणाली. "पाटाला काय म्हणतात फ्रेंचमध्ये?"

"पाट अभ्यासक्रमात नाही."

अखेर शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातले टेबल आणले. रोग्याला आडवे करून पोट दाबतात ते! रविवार असल्याने ते मोकळे होते. त्यावर मालतीने नवी चादर घातली, उदबत्ती लावली, तरी आयोडीनचा वास काही हटला नाही. शिवाय ते इतके उंच, की खुर्चीत बसलेल्या माणसाची हनुवटी नेमकी ताटाला टेकत होती.

साहेब आले. गोरापान, घामाघूम, भला माणूस. हातात हॅट. वसंताने पुढे होऊन खणखणीत आवाजात म्हटले, "बाँझूर, मस्यो!"

साहेबांचा चेहरा उजळला. माझा त्याहून उजळला. साहेबांनी हसत हसत वसंताला त्याचे नाव विचारले. प्रश्न सोपा होता, त्याचे उत्तर वसंताला येत होते. फक्त ते बरेच पुढे होते.

वसंताने डोळे मिटले. "व्वासी ला ताब्ल," तो म्हणाला.

साहेबांनी आदराने टेबलाकडे पाहिले.

"व्वासी ला शेझ."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिले, आणि आपल्याला बसायला सांगितले आहे असे समजून ते बसले. मग त्यांना खिडकी दाखवण्यात आली. मग दार. मग भर दुपारी दिवा. घर विकायचे आहे की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर उमटू लागली, इतक्यात वसंता नावाशी पोहोचला. "झ मापेल वसंत!"

"छान!" मी मराठीतच ओरडलो.

साहेबांनी धीर करून दुसरा प्रश्न विचारला. कारखान्यात काम काय करतोस? हे उत्तर नावाच्या अगदी शेजारचे होते! पण परवचा एकदा थांबला की थांबला. पुढे जायचे तर मुळापासून निघायला हवे. वसंताने पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा सुरू केले, "बाँझूर, मस्यो..."

आणि येथे एक गोष्ट घडली, जिचा अंदाज माझ्यासारख्या पद्धतशीर माणसाला यायला हवा होता. आमच्या घरात परवचा सुरू झाला की कोणी गप्प बसत नाही. अर्धवट सोडणे तर अशुभच! दुसऱ्या वाक्याला स्वयंपाकघरातून आईचा आवाज मिसळला. तिसऱ्याला मालतीचा. चौथ्याला मावशी पुऱ्यांचे पीठ टाकून दारात आली आणि तिने ताटलीवर ताल धरला. पाहता पाहता सारे घर भूपाळीच्या चालीवर टेबल, खुर्ची, खिडकी आणि दार आळवू लागले.

साहेब ताडकन उभे राहिले. त्यांनी हॅट छातीशी धरली, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

"काय झालं यांना?" मालती गाता गाता कुजबुजली.

"ही जेवणाआधीची प्रार्थना वाटतेय त्यांना," मी कुजबुजलो.

"मग आता मधेच थांबू नका! पाप लागेल!"

थांबलो नाही. तीसच्या तीस वाक्ये पुरी केली, आणि सवयीने सर्वांनी देवाकडे वळून नमस्कार केला. साहेब गंभीरपणे म्हणाले, "आमेन."

पाने वाढली. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, आणि मावशीच्या हातची तळलेली भरली मिरची. टेबल नाकासमोर असल्याने साहेबांना ताटातले फारसे दिसत नव्हते. शेंगेची भाजी समजून त्यांनी मिरची अख्खी तोंडात टाकली.

मग साहेब कळवळून ओरडले, "द लो! द लो!"

आम्हां सर्वांना आनंदाचे भरते आले. हे शब्द ओळखीचे होते!

"आलं! आलं! आपल्यातलं वाक्य आलं!" आई पदराने हात पुसत धावली.

"दत्तू, कुठलं रे हे? शेवटाकडचं ना?" मावशीने विचारले.

"थांबा, गोंधळ करू नका," मी हात वर केला. "क्रमाने गेलं की अर्थ आपोआप लागतो. बाँझूर, मस्यो..."

"व्वासी ला ताब्ल," घराने साथ दिली.

साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. खिडकीच्या वाक्यापर्यंत ते लाल होते, दिव्याच्या वाक्याला जांभळे झाले. आणि अशा वेळी, सांगताना आजही माझ्यातला शिक्षक दुखावतो, वसंताने रांग मोडली. त्याने कोपऱ्यातला तांब्या उचलला, मधली सगळी वाक्ये ओलांडली आणि पेला भरून पुढे केला. "द लो, मस्यो! द लो!"

साहेब घटाघटा प्यायले. पाठोपाठ वसंताने श्रीखंडाची वाटी त्यांच्या हातात दिली आणि बोटाने जीभ दाखवली. साहेबांना ते व्याकरण तात्काळ समजले.

"अरे, पण तू एकदम तिथे कसा पोहोचलास?" मी विचारले.

"दादा, माणूस मरत होता रे!"

एवढ्यात आत नवाच अनर्थ झाला. भुर्र भुर्र करणारा स्टोव्ह फस्सकन विझला आणि पुऱ्यांचे तेल थंड पडू लागले. वसंता धावला. साहेबांना काय वाटले कोण जाणे, तेही हातात वाटी घेऊन मागोमाग गेले. (आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात! आईने डोळे मिटून घेतले. कोणते वाक्य म्हणावे हे तिला सुचेना.)

मी गेलो तेव्हा दोघेही फरशीवर उकिडवे बसले होते. साहेबांची पँट रॉकेलने भिजली होती आणि मुद्रा प्रसन्न होती. वसंता एकेक भाग सोडवी, साहेब त्याचे फ्रेंच नाव सांगत, वसंता ते उच्चारी, चुकला की हसे, पुन्हा उच्चारी. पंपाचे कातडे खराब झाले होते, ते त्याने तेल लावून मऊ केले आणि काय करतो आहे हे अर्धे हातांनी, अर्धे नुकत्याच शिकलेल्या शब्दांनी साहेबांना समजावले. महिन्याभरात आमच्या देवासमोर बसून जेवढे झाले नव्हते, तेवढे संभाषण त्या विझलेल्या स्टोव्हभोवती होत होते.

मला राहवेना. "वसंता, असं अधलंमधलं उचलू नकोस! आधी टेबल..."

साहेबांनी मान वर केली आणि ते अतिशय सभ्य इंग्रजीत म्हणाले, "मास्तर, कृपा करून टेबल नको."

मावशी पदर तोंडाला लावून परसात पळाली.

स्टोव्ह पेटला, पुऱ्या फुगल्या, साहेब पोटभर जेवून गेले. पुढचे काही दिवस वसंता दिवेलागणीला घराबाहेरच राही. मीही परवचा आवरता घेतला. त्याची सोन्यासारखी संधी मी टेबल-खुर्चीखाली गाडली, असे मला मनोमन वाटत होते.

मग एका संध्याकाळी तो धावतच आला. "दादा! आई! माझी निवड झाली!"

आईने देवापुढे साखर ठेवली. मालतीच्या डोळ्यांत पाणी आले. मी घसा साफ केला. "शेवटी पाया पक्का असला की..."

"दादा," वसंता अडखळला. "साहेबांनी एक अट घातली आहे."

"कसली?"

"मी निघेपर्यंत तू मला काही शिकवायचं नाहीस. साहेब म्हणाले, बाकीचं ते बघतील."

मावशीने टाळी दिली ती थेट आईला! परगावी जाणाऱ्याची तयारी नीट व्हावी म्हणून मी त्यावेळी बारकाईने चौकशी केली होती. फ्रान्सला जाण्यासाठी वसंताला तीन गोष्टी आवश्यक होत्या : पासपोर्ट, देवीची टोचणी आणि माझ्यापासून सुटका. पहिल्या दोहोंसाठी त्याने मुंबईला पुष्कळ हेलपाटे घातले. तिसरी त्याला घरबसल्या, बिनतक्रार आणि टाळ्यांच्या गजरात मिळाली!