आप्पांच्या बालदीची कडी

लग्न होऊन परळच्या चाळीत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी बालदी घेऊन नळावर निघाले, तर शेजारच्या दारातून एक हात पुढे आला आणि त्याने माझ्या बालदीची कडी धरली. मी दचकून ओरडणारच होते. पण त्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं आणि गॅलरीत ओळीने झोपलेली माणसं दाखवली.

"सूनबाय, कडी वाजता," ते कुजबुजले. "रातपाळीची माणसां निजली आसत. झोप मोडलेलो माणूस साच्यावर हात घालता नि बोट गमावता. कोणाची नीज मोडूची नाय."

हे आप्पा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर. आमच्या मजल्यावरचा सगळ्यांत शांत माणूस. त्यांच्या स्वतःच्या बालदीच्या कडीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली असे, आणि शिवाय ते कडी मुठीत धरून चालत. मी गिरगावात वाढलेली, मला सुरुवातीला या सगळ्याचं हसू यायचं. पण महिन्याभरात मीही कडी धरायला लागले. आप्पांनी त्या मजल्यावर कितीजणांना हे शिकवलं होतं देव जाणे. सगळ्यांत आधी शिकला तो त्यांचा भाचा रघू.

रघूचे वडील तो लहान असतानाच गेले, तेव्हा आप्पांनी बहिणीला आणि त्याला मालवणहून इथे आणलं. बहिणीला चाळ बायजाक्का म्हणे. आप्पांनी स्वतः लग्न केलं नाही. तिघांचा संसार एका खोलीत. रघू मोठा झाला, मामाच्याच गिरणीत लागला, संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊ लागला. पोरगा गोड होता. माझ्या सासूबाईंचे पाय दुखले तर न सांगता आमचं पाणी भरून ठेवायचा, आणि आणलेलं कधी कळायचंही नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीत दुसरा विषय नसे. अशात रघूने आणि व्यायामशाळेतल्या चार पोरांनी ठरवलं, दिवाळीच्या सुटीत वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं. कोयनेच्या खोऱ्यातून, रानात मुक्काम करत. "महाराष्ट्र आमचा म्हणून घसा फोडतो आपण," रघू म्हणाला, "मग एकदा बघून तरी येऊ ना!"

"थंय अस्वलां आसत," बायजाक्का म्हणाली. तिच्या माहेरी एक गुराखी होता, अस्वलाने अर्धा चेहरा नेलेला. "अस्वलाचो बंदोबस्त कर, मगे खंय जातंस थंय जा." आणि तिने आप्पांकडे पाहिलं. "तू करतलंस बंदोबस्त. माका माझो झील परत व्हयो."

झालं! पुढे कितीतरी दिवस आमच्या गॅलरीत अस्वलाशिवाय दुसरं बोलणं नाही. ज्यांनी राणीच्या बागेबाहेर जनावर पाहिलं नव्हतं तेही सल्ले देत होते. कोणी म्हणे बंदूक न्या. पण बंदूक आणणार कुठून, आणि चालवणार कोण? व्यायामशाळेतले भाले होते, पण त्या दिवसांत भाला घेऊन परळच्या रस्त्यावर दहा पावलंही चालता आलं नसतं, वासोटा दूरच. फटाके न्यावेत तर दवाने सादळायचे, नाहीतर गवत पेटवायचे. एकाने चाळीतला मोत्या कुत्रा सुचवला. आप्पांनी तोही निकालात काढला. "कुत्रो अस्वलाक चिडयतलो, नि मगे पळान तुमच्याच पायांत येतलो. मागसून अस्वल."

मग त्यांनी आपलं मत दिलं. "अस्वलाक दिसता कमी, ऐकाक येता कमी. ता आपल्या खाण्यात गुंग आसता. माणूस येता ह्यां त्याका लांबसून कळाक व्हया. मगे ता आपणच वाट सोडता. दचाकला, तर मात्र सरळ तोंडार येता. तुम्ही लेझमी घेवा."

"लेझमी?" रघू पोट धरून हसला. "मामा, अस्वलासमोर कवायत करू?"

"कर. पण आवाज बंद करू नको. जेवताना, चलताना, पाण्याक जाताना. आवाज हीच तुमची बंदूक."

निघायच्या दिवशी सगळी चाळ जमली होती. आप्पांनी स्वतःची बालदी पोरांना दिली आणि तिच्या कडीची चिंधी उलगडायला बसले. वर्षानुवर्षांच्या गाठी, सुटता सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. कडी मोकळी झाल्यावर त्यांनी बालदी जोरात हलवली. केवढा आवाज झाला! बायजाक्काच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. पाच लेझमी खणखणवत पोरं जिना उतरली, आणि मला वाटलं, आता अस्वलच काय, वाघसुद्धा पळेल.

चारजण परत आले.

रघूला तिथल्याच एका गावात अग्नी दिला होता. अस्वलाने चेहरा घरी आणण्यासारखा ठेवला नव्हता. विठ्ठल म्हणून त्याचा दोस्त, तो आप्पांच्या उंबरठ्यावर बसून सांगत होता. दोन दिवस सगळं ठीक झालं. लेझमी वाजवून वाजवून हात भरून आले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे रघूला आधी जाग आली. बाकीचे दमून झोपलेले. तो ओढ्यावर पाण्याला गेला.

"लेझीम?" आप्पांनी विचारलं.

"उशाशीच राहिली."

"बालदी नेली मां त्याने? मगे कडी वाजली नाय?"

विठ्ठल रडायला लागला. "मी जागाच होतो आप्पा, डोळे मिटून पडलो होतो. चवड्यांवर चालत गेला तो. कडी मुठीत धरून. आमची झोप मोडू नये म्हणून."

बायजाक्का भिंतीला टेकून बसली होती, तिनेही हे ऐकलं. पोरांनी परत आणलेली बालदी दारात होती. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळा मजला खडबडून जागा झाला. आप्पा पाण्याला चालले होते. मोकळी कडी पावलागणिक बालदीवर आपटत होती, आणि ते गॅलरीच्या मधोमध ताठ चालले होते. रोज हेच. पहिले काही दिवस लोक गप्प बसले, मग कुरकुरले, मग शिव्या देऊ लागले. माझे यजमान रात्रपाळीला. त्यांना झोप मिळेना, तेव्हा मी पदर खोचून भांडायला गेले.

"आप्पा, तुम्हीच मला शिकवलंत ना? झोपलेल्यांचा विचार करावा म्हणून?"

"शिकयलंय," ते म्हणाले. "तुका शिकयलंय, त्याका शिकयलंय. म्हाताऱ्या माणसाचा लोकांनी कित्याक ऐकूचा गो?" माझं सगळं भांडण तिथेच जिरलं.

मग एकदा दंगलीनंतर संचारबंदी लागली. पहाटेच तेवढं नळाला पाणी, आणि खाली गल्लीत शिपाई उभे. दिवे मालवून चाळ श्वास रोखून बसली होती. अशात आप्पांचं दार उघडलं आणि कडी वाजली. खालून कोणीतरी दरडावलं. मी दारात उभी राहून हात जोडत होते. तेवढ्यात बायजाक्का बाहेर आली. तिने भावाच्या हातातल्या बालदीची कडी आपल्या मुठीत धरली आणि त्याच्या बरोबरीने नळापर्यंत चालत गेली. परत येताना दोघं माझ्या दाराशी थांबली.

"ताई," आप्पा म्हणाले, "मीच शिकयलंय त्याका."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. ती आत गेली. त्यानंतर पाणी तीच भरू लागली, आणि आप्पांनी बालदीला हात लावला नाही.

त्यांना धरून ठेवणारं बहुधा ते कडी वाजवणं तेवढंच उरलं होतं. त्यांचं जेवण तुटलं, मग गिरणी सुटली, आणि पुढच्या थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. ताप उतरेना. शेवटच्या पहाटे मी बायजाक्काजवळ बसले होते. आप्पांनी डोळे उघडले आणि बराच वेळ दाराकडे कान देऊन पडून राहिले.

"आज कोण पाण्याक गेला नाय?"

"गेले तर," दारात उभी असलेली शेजारीण मायेने म्हणाली. "तुम्हाला डोळा लागलाय म्हणून सगळी चाळ कडी धरून जातेय, आप्पा. तुम्ही निवांत पडा."

हे ऐकून उतरलेला त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि मला तिथे बसवेना. मी उठले, त्यांचीच बालदी घेतली आणि गॅलरीत आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी ती कडी आपटत गेले. लोक उठून बसले, कोणीतरी ओरडलं, मी थांबले नाही. नळापर्यंत जाऊन तशीच वाजवत परत आले.

बायजाक्काने भावाच्या अंगावरची चादर त्याच्या तोंडावर ओढली होती. तिने माझ्या हातातली बालदी घेतली, कडी मुठीत धरून हळूच खाली ठेवली.

"ऐकल्यान नाय गो," ती म्हणाली.