गोवरीवरचा हात

माझ्या बायकोला रिकाम्या हातानं घरी येणं ठाऊकच नव्हतं. मंडईत गेली तरी पिशवीत भाजीच्या खाली काहीतरी दडलेलं असायचं. कधी बाभळीच्या शेंगा, कधी सुगरणीचं गळून पडलेलं घरटं, कधी रस्त्याकडेला उगवलेलं कुर्डू. ती पाथर्डीकडच्या शेतकरी घरातली. मी भिंगारचा, पिढ्यान् पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला, आणि नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. मला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते. त्यामुळे आमच्याकडे बारा महिने तणतण चालायची. म्हणजे तणतण मी करायचो, आणि ती आणि आमची मुलगी खाली माना घालून हसायच्या.

ज्वारी निघाली की तिच्या माहेराहून धाटांची पेंढी यायची. दोघी फरशीवर फतकल मारून बसायच्या. धाटाची वरची चोय सोलायची, आतला पांढरा मऊ भेंड कापायचा आणि चोयीच्याच काड्या टोचून बैलगाडी करायची. चाकं चक्क फिरायची. चोयीला धार असते, मुलीचं बोट हमखास कापायचं आणि मी घर डोक्यावर घ्यायचो. पोळ्याला मातीचे बैल व्हायचे आणि बैलांना शिंगं म्हणून लावलेले बाभळीचे काटे माझ्याच पायात मोडायचे. "घर आहे की खळं?" हे माझं ठरलेलं वाक्य. मुलगी ते माझ्याआधीच म्हणून मोकळी व्हायची.

पण खरा धुमाकूळ दिवाळीत. तिच्या माहेरी दिवाळीला अंगणात शेणाच्या गवळणी करतात, त्या ती आमच्या दारातही करायची. मूठभर उंचीच्या बाया, डोक्यावर इवलीशी घागर, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, अंगावर तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे. फुलं आणायला मायलेकी सकाळीच माळावर जायच्या. सण सरला की गवळणी मोडायच्या, त्याच शेणाच्या गोवऱ्या थापायच्या, वाळवून ठेवायच्या आणि रथसप्तमीला त्यांच्यावर दूध उतू जाऊ द्यायचं.

शेण आणायचं काम माझ्याकडे होतं. गोठ्यावरून बादली भरायची आणि स्कूटरवर पायाशी ठेवून घरी न्यायची. एकदा लष्करी छावणीच्या नाक्यावर जवानानं थांबवलं आणि बादलीत काय आहे म्हणून विचारलं. मी बादली पायानं आणखी आत ढकलली. मागून ही म्हणाली, "आवो, सांगा की सरळ. शेण हाय, बॉम्ब न्हाई." जवान हसला, मुलगी हसली, ही तर पुढच्या चौकापर्यंत हसत होती. मी नंतर बरेच दिवस लांबच्या रस्त्यानं ये-जा केली.

मागच्या दिवाळीत गवळणी मोडल्यावर तिनं शेवटच्या दोन गोवऱ्या वेगळ्या थापल्या. एकीवर स्वतःचा पंजा दाबला. लहानपणी विळा लागून तिची करंगळी वाकडी झाली होती, त्यामुळे तिचा हात कुठेही ओळखू यायचा. दुसरीवर मुलीनं आपला हात उमटवला. "आता रथसप्तमीला बघू," ही म्हणाली, "कुणाच्या गोवरीवर दूध आधी उतू जातंय." पैज लागली. दोन्ही गोवऱ्या गच्चीवर टाकीच्या आडोशाला वाळत पडल्या.

पौषात ती गेली. सकाळी धुणं वाळत घालताना डोकं दुखतंय म्हणाली. डोक्यातली नस फुटली होती. दवाखान्यातून तिला परत आणलं तेव्हा दारात माणसं जमली होती. काय करायचं ते शेजारपाजाऱ्यांनीच केलं. मी फक्त उठ म्हटलं की उठत होतो आणि बस म्हटलं की बसत होतो. आम्हाला मुलगा नाही, म्हणून विस्तवाचं मडकं माझ्याच हातात दिलं. त्याची दोरी धरून मी पुढे चालत होतो. धुरानं डोळे चुरचुरत होते, तेवढंच आठवतं.

मुलगी रडली नाही. पाहुणे परत गेले, शाळा सुरू झाली, तरी नाही. सांगितलं ते करायची, वाढलं तेवढं खायची. लोक म्हणायचे, पोर शहाणी आहे. मला त्या शहाणपणाची भीती वाटायची.

रथसप्तमीच्या सकाळी ती गच्चीवरून खाली आली.

"बाबा, गोवऱ्या नाहीत."

"अगं, यंदा सण नाही आपल्याला. वर्षभर काही करायचं नसतं."

"मला दूध नाही ठेवायचं. मला फक्त आईचा हात बघायचाय. त्यात माझा हात ठेवायचाय."

मी वर गेलो. टाकीच्या मागे पाहिलं, पत्रे उचलून पाहिले, कुंड्या हलवल्या. काहीच नव्हतं. शेजारच्या काकूंचा वर राबता असतो, म्हणून त्यांना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात ताटातच थांबला.

"त्या व्हय? त्या मीच खाली आनल्या, दादा. त्या दिवशी मडक्यात घालायला गोवरी मिळंना. शहरात कुठं घावती पटकन? सगळी खोळंबली हुती. वर दिसल्या, हुत्या तेवढ्या घेतल्या. काय चुकलं का माझं?"

"नाही काकू," मी म्हणालो.

काय चुकलं होतं? वेळेला धावून येणाऱ्या बाईनं गोवरीवर कुणाचे हात आहेत हे बघत बसायचं का? मी जिन्यातच बसलो. तिचा हात मीच धरून नेला होता, सगळ्यांच्या पुढे, आणि मला ते कळलंही नव्हतं. मला इतकं वाईट त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी काही वाटायची शुद्धच नव्हती.

मग मी एक वेडेपणा केला. गोठ्यावर गेलो, मूठभर शेण घेतलं, थापलं आणि करंगळी वाकडी करून त्यावर पंजा दाबला. माझा पंजा फावड्यासारखा. मोडलं, पुन्हा थापलं, बोटं जवळ घेऊन पाहिली. गोठ्यातल्या म्हशी माझ्याकडे बघत रवंथ करत होत्या. शेवटी नळावर हात धुतले आणि घरी आलो.

मुलगी पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो आणि खरं ते सांगितलं. आईला नेताना पुढे विस्तव न्यावा लागतो, त्यात तिची गोवरी गेली.

"माझी पण?"

"हो. दोन्ही."

तिनं आपला तळवा उलटा केला, सुलटा केला, त्याच्याकडे बघत राहिली. मग एकाएकी माझ्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मीही रडलो. काकू दारापर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या.

यंदाची दिवाळी आमच्याकडे नव्हती. शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले, आकाशकंदील लावला नाही. गवळणींचा विषय मी काढणार नव्हतो. पण पाडव्याच्या सकाळी मुलीनं बादली आणून माझ्यापुढे ठेवली.

"आपल्याला सण नाही," मी म्हणालो.

"गवळणी नाही करायच्या. गोवरी काही सणाची नसते."

मी स्कूटर काढली. नाक्यावरून मुद्दाम हळू गेलो, पण कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिनं दारातच, अगदी आईसारख्या, हात ओला करून करून गोवऱ्या थापल्या. मग माझं मनगट धरलं, माझा पंजा एकीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी सगळा भार टाकून दाबला. दुसरीवर स्वतःचा हात उमटवला. चार दिवस त्या पायरीवरच्या उन्हात वाळल्या. पाचव्या दिवशी मी सवयीनं म्हणालो, "चल, आता गच्चीवर ठेवून येऊ."

"गच्चीवर नको."

"मग काय घरात? मुंग्या होतील. घर आहे की..."

"तिथून कुणीही घेऊन जातं," ती म्हणाली.

तिनं माझ्या हाताची गोवरी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पालथी पडून आपल्या खाटेखाली, पार भिंतीपर्यंत सरकवली. वर दप्तर लावलं. मग हात झटकत उठली आणि बाहेर खेळायला गेली. तिची स्वतःची गोवरी पायरीवर तशीच राहिली होती. मी ती आत आणली, खाटेखाली वाकलो आणि माझ्या गोवरीला चिकटून ठेवली.