हनीफचाचांचं मागचं चाक

"तुम्ही चकतीचं चाक घ्या."

"मी पुलीचं घेणार."

"आन् ते घेऊन जाणार कुठं? ह्या गुडघ्यावर?"

"अल्लानं दोन पाय दिलेत."

"दिले होते. त्यातला एक डॉक्टरनं बाद केलाय. अप्पा, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

मल्लिकार्जुनअप्पांना काही सांगायचं नव्हतं. उदगीरच्या देगलूर रोडवर त्यांचं सायकलचं दुकान. नवरा-बायकोच्या भांडणात गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाची बायको दोघंही हातचे जातात, एवढा धंदा त्यांना कळत होता. ते हात पुसत राहिले. हात आधीच पुसून झाले होते.

समोर फरशीवर दोन चाकं आडवी पडलेली. दोन्ही मागची, दोन्ही नवीकोरी, अप्पांनी नांदेडहून आणलेली. रिंग तीच, तारा त्याच. फरक एकाच ठिकाणी, डाव्या बाजूला. एका चाकाच्या डाव्या बाजूला दातेरी चकती होती, दुसऱ्याच्या डाव्या बाजूला पुली. चकतीवर इंजिनाची साखळी चढते. पुलीवर सानेचा पट्टा चढतो. इंजिन म्हणजे गावोगाव फिरणं आणि सान म्हणजे सुऱ्या-कात्र्यांना धार लावणं. हनीफचाचांना दोन्ही पाहिजे होतं.

आमच्या गल्लीत त्यांच्या सायकलला फटफटी म्हणतात. मूळची साधी काळी सायकल. सीटच्या पुढं, आडव्या नळीवर, गोल दगडाची सान बसवलेली. गावात पोचलं की सायकल स्टँडवर उभी करायची, सीटवर बसून पायडल मारायचं. मागचं चाक जागेवर फिरतं, चाकाची पुली फिरते, पट्ट्यानं सान फिरते. पुढं गुडघा गेला तेव्हा चाचांनी जुन्या फवारणी पंपाचं इंजिन खालच्या नळीला कसलं. जाण्यायेण्याला इंजिन, धार लावायला पाय. बसल्याजागी हलकं पायडल मारायला गुडघा कुरकुरत का होईना, पण तयार व्हायचा. दहा कोस सायकल रेटायला तो साफ नाही म्हणायचा.

"इंजिनावरच सान फिरवा की मग," अप्पा एकदा म्हणाले होते. "पाय तरी वाचंल."

"अप्पा, इंजिनावर सान पळत सुटते. पातं निळं पडतं. पोलादाचं पाणी उतरलं की ती सुरी सुरी राहत न्हाई, पत्रा होतो."

हे चाचा बीदरच्या मामूंकडं शिकले होते. मामू बोलायचे कमी. पातं निळं पडलं की पाठीत एक बसायची, तेवढाच धडा. तेव्हापासून पात्यावर निळसर झाक दिसली की चाचांची पाठ आपोआप ताठ होते.

तर इतकी वर्षं एकाच चाकाच्या डाव्या बाजूला चकतीही होती आणि पुलीही. लोखंडी पट्टी वेल्डिंग करून चाचांनीच ते जमवलं होतं. परवा देवर्जन गावाच्या अलीकडं ते चाक मोडून बसलं. आधी एक तार तुटली, मग शेजारची, मग सगळ्या तटातटा. रिंग पापडासारखी वाकली. चाचा सायकलखाली आले नाहीत, हे नशीब. टमटममध्ये सायकल घालून ते घरी आले तेव्हा शकिलाचाची दारातच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सायकलचं झालं. आता तुमचं कधी?"

"अजी, ऐका माझं," आता दुकानात त्यांनी सूर जरा खाली आणला. "आपला पोरगा मुनीब नांदेडहून फोनवर काय म्हणला? इंजिनवाली सायकल असली की उदगीरची पार्सलं देतो म्हणला. घरोघर खोकी द्यायची. सावलीत उभं राहायचं. कोण देतंय ह्या वयात काम?"

"दुसऱ्याच्या दारात खोकं ठेवायचं आन् पळायचं. हे काम हाय?"

"तुम्ही काय करता? दुसऱ्याच्या दारात बसून सुरी घासता."

"माझी वाट बघतात लोक."

"हाव. बघतात."

हे होकाराचं 'हाव' चाचींनी कसं म्हटलं ते अप्पांनी ऐकलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "एकदा बघू का? दोन्ही एकाच चाकावर चढवून? जुनी पट्टी नको. नवीन नटबोल्ट लावतो."

चाचांचा चेहरा आशेनं असा उजळला की बघवेना. ते खाली बसायला गेले, गुडघ्यानं अडवलं, मग अर्धवट वाकूनच उभे राहिले.

अप्पा कामाला लागले. बाहेर देगलूरची बस भोंगा वाजवत गेली. चाचा चाकाकडं बघत बोलत होते. बोलणं अप्पांशी होतं, पण ऐकायचं होतं ते चाचींनी.

"देवर्जनला केवळाबाई हायत. विळी कधी हातात देत न्हाईत. हातातून हातात पातं दिलं की भांडण लागतं म्हणतात. दूर भुईवर ठेवतात, मी उचलतो. धार लावून मी भुईवर ठेवायची, त्यांनी उचलायची. एका वर्षी म्हणल्या, हनीफ, जास्त धार लावू नको, सून नवी हाय. पुढच्या वर्षी म्हणल्या, आता लाव बाबा, सून जुनी झाली, मीच भिऊन ऱ्हायते."

अप्पा हसले. चाची हसल्या नाहीत.

"आन् हंडरगुळीचे शिंपी. कात्रीला धार लावली की ओल्या चिंधीवर चालवून दाखवावी लागते. चिंधी कात्रीत अडकली तर चहा न्हाई."

"त्या शिंप्यानं आता मोबाईलच्या कव्हरचं दुकान टाकलंय," चाची म्हणाल्या.

"त्याचा भाऊ शिवतो अजून."

"गोधड्या."

"गोधडीला बी कात्री लागते, शकिला."

अप्पांनी चकती चढवली, तिच्यावर पुली चढवली, बोल्ट आवळले. चाक उचलून सायकलच्या मागच्या दोन नळ्यांच्या मध्ये घालून बघितलं. जाईना. पायानं एक नळी दाबून धरली, चाक रेटलं. गेलं. अप्पांनी पायडल फिरवलं. टायर उजव्या नळीला घासून कर्र कर्र करू लागला. चाक थोडं डावीकडं सरकवलं, तेव्हा पुलीवरचा पट्टा इंजिनाच्या साखळीला लागला. उजवीकडं सरकवलं, पुन्हा कर्र कर्र.

चाचा कान देऊन ऐकत होते. कुठंतरी आवाज बंद होईल अशी जागा असेल, असं त्यांच्या मानेकडं बघून वाटत होतं.

"अजून जरासं, अप्पा. एक दोऱ्याएवढं."

"एक दोरा इकडं दिला तर तिकडनं जातोय."

"पातळ वायसर टाकून बघा."

अप्पांनी वायसर टाकून बघितलं. मग काढून बघितलं. शेवटी चाक बाहेर घेतलं आणि मांडीवर धरून बसले.

"इल्ला, हनीफभाई. न्हाई बसत. मी जबरदस्तीनं बसवून दीन, तुम्ही तळ्याच्या वेशीपर्यंत जाल बी. पुन्हा तेच व्हईल. ह्या वेळी तारा तुटल्या, पुढच्या वेळी तुम्ही. माझ्या हातून ते नको."

"मामूंनी जमवलं असतं."

"मामूंच्या सायकलला इंजिन होतं का?"

अप्पांनी पुली काढली, चकती काढली. दोन्ही चाकं पुन्हा होती तशी फरशीवर आडवी ठेवली.

"मग पुलीचंच बसवा," चाचा म्हणाले. "लांबची गावं सोडतो. उदगीरातच फिरतो, हळूहळू. किल्ल्याच्या बाजूला, मोंढ्याच्या बाजारात. बकरीदच्या आधी कसायांचं काम तर येतंच."

"मोंढ्याच्या तोंडाला लाईटवरची मशीन बसलीय धारेची," चाची म्हणाल्या. "कसाई तिथंच जातात."

"ती पातं जाळते."

"त्यांना चालतंय जळलेलं."

"ज्यांना चालत न्हाई ते माझ्याकडं येतील."

"कोण?"

"कोण म्हणजे?"

"मला एक नाव सांगा." चाची आता चाकांना वळसा घालून त्यांच्या समोर आल्या. "ह्या महिन्यात कुणाच्या पात्याला धार लावली त्याचं. जास्त न्हाई, एकच."

"नावं कोण ध्यानात ठेवतं?"

"तुम्ही ठेवता. कुणाच्या विळीचा खिळा ढिल्ला, कुणाची कात्री डावखुरी, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता. सांगा की मग."

चाचांनी अप्पांकडं बघितलं. अप्पा नटबोल्ट डब्यात टाकत होते, एकेक करून, जणू प्रत्येकाची जागा ठरलेली होती.

"तुमचे सदरे मी धुते," चाची म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं धुते. बाह्यांचं पाणी काळं निघायचं. दगडाची भुकटी. दोनदा घासल्याबिगर जायची न्हाई, मी शिव्या घालायची. संक्रांतीपासनं पाणी साफ निघायलंय. सदऱ्याला पेट्रोलचा वास येतो, बस. मी म्हणलं, काम कमी असंल. मग म्हणलं, उद्या निघंल काळं. रोज बघते मी. बादली भरली की आधी बाह्याच बुडवते."

"मागच्या जुम्म्याच्या आदल्या दिवशी मळला होता की सदरा."

"मळला होता."

"मग?"

"त्या दिवशी मी लेकीकडं, नाझनीनकडं गेले होते. तुम्ही घरातलीच विळी घासली." त्यांनी करंगळी वर केली. "एवढं पातं राहिलंय, अजी. सुरीचं बी तसंच. तुम्ही कितीदा घासायलाव मला ठाव न्हाई. काल कांद्यावर ठेवली तर विळी वाकली. कायकू करता असं, मी इचारलं न्हाई. वाटलं, घासू दे."

अप्पांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते दुकानाच्या आतल्या बाजूला गेले. तिथं त्यांचं काही काम नव्हतं.

चाचांचा एक हात सायकलच्या सानेवर होता. पट्टा नसलेली ती सान त्यांनी अंगठ्यानं थोडी फिरवली. ती अर्धा फेरा फिरली आणि थांबली.

"मी भांडायला न्हाई इचारत," चाची म्हणाल्या. आता त्यांचा आवाज एवढा खाली आला होता की रस्त्यावरच्या ट्रॅक्टरखाली तो जवळजवळ गेलाच. "पुलीचं घ्या. चकतीचं घ्या. मुनीबला मी न्हाई म्हणून सांगते, झालं? तुम्हाला पाहिजे ते बसवा. मला एवढंच सांगा. सकाळी भाकरीचा डबा घेऊन निघता, दिवस बुडायला येता. डबा रिकामा असतो. कुठं जाऊन बसता तुम्ही?"

चाचांनी सानेवरचा हात काढला. तो सदऱ्याला पुसला. पुसायचं काही नव्हतं. मग दोन्ही चाकांच्या मधून, एकालाही पाय लागू न देता, दुखरा गुडघा उचलून उचलून ते दुकानाची पायरी उतरले आणि सायकल तिथंच सोडून देगलूर रोडच्या कडेनं चालू लागले.