शॉकअपची पाचवी खाच

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपला खाली एक गोल कडी असते, पायऱ्यांसारख्या खाचा पाडलेली. आकड्यासारख्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी कडक होते. उलटी फिरवली की मऊ. कडक केली की सीट इंचभर वर जाते. उंच माणसाला हा इंच कळतसुद्धा नाही. मला कळतो. कडक गाडीवर माझे फक्त पायाचे अंगठे जमिनीला लागतात.

घरात गाडी एकच. पहाटे सासरे तिला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लावून डेअरीवर जातात. ते परतले की तीच घेऊन मी मांडवगण फराट्याहून दौंडला निघते. तिथल्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते. उपाशीपोटी आलेली माणसं दारात थांबलेली असतात आणि त्या वेळेला जुळणारी एसटी नाही. गाडी गेली तर नोकरी गेली, इतकं सरळ आहे ते.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात आणि सासूला आत्या. ओझ्यासाठी मामा गाडी कडक करत, आणि ते बरोबरच होतं. मऊ ठेवली तर कॅनच्या वजनाने शॉकअप तळाला आदळतो. पण परत आल्यावर मऊ करून ठेवायला काय हात झडत होते? रोज सकाळी डबा, पर्स, ओढणी सांभाळत मी उकिडवं बसून पान्याशी झटापट करायची. कडीत शेणमाती वाळून दगड झालेली. डिझेल सोड, ब्रशने घास, तेल मार. तरी पाना निसटायचाच आणि बोटांची सालटी निघायची. लॅबमध्ये पेशंट माझीच बोटं बघून विचारायचे, "ताई, तुम्हालाच काय झालं?"

सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज. जे सांगायचं ते आत्यांमार्फत. मी त्यांना कितीदा म्हटलं असेल, "मामांना सांगा, आल्यावर गाडी मऊ करून ठेवत जा." आत्या मान डोलवायच्या. "सांगते की." दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा कडक. नवऱ्याला सांगितलं, तर तो कंपनीच्या बसमध्ये चढता चढता म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा."

पुढे कंटाळून महिनाभर मी पाना हातातच घेतला नाही, तर गाडी चालताना मागून हेलकावे घ्यायला लागली. हवा बघितली, ठीक. चेन बघितली, ठीक. शेवटी खाली वाकून खाचा मोजल्या. डावा शॉकअप पाचव्या, म्हणजे सगळ्यात कडक खाचेवर, उजवा दुसऱ्या! उजवीकडे सायलेन्सर आड येतो म्हणून मामा एकच बाजू आवळतात, असं मी धरून चालले आणि माझं डोकंच फिरलं. दोन शॉकअप दोन खाचांवर ठेवून कुणी गाडी चालवतं का? डावा मऊ करायला गेले, तर कडी गंजून बसलेली, जागची हलेना. उशीर होत होता. तशीच निघाले.

पुलाच्या अलीकडे उसाची ट्रॉली वळत होती म्हणून थांबले. पाय टेकवायला गेले तर जमीन सापडलीच नाही. गाडी आडवी, मी खाली. ट्रॅक्टरवाल्याने उठवलं. गुडघा फुटला, आरसा फुटला आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली.

संध्याकाळी मामांनी किल्ली खिशात टाकली. अंगणातल्या चुलीवर आत्या भाकरी करत होत्या, त्यांना म्हणाले, "तिला सांग, गाडी बंद. उद्या हातपाय मोडून घेईल."

मग मला राहवलं नाही. पाना हातात घेऊन मी थेट त्यांच्यासमोर उभी राहिले. "मामा, कडक गाडीवर माझे पाय पुरत नाहीत, म्हणून पडले. वर्षभर निरोप देतेय, आल्यावर मऊ करून ठेवा म्हणून."

मामांनी माझ्याकडे नाही, आत्यांकडे बघितलं. "निरोप? मला तर तू म्हणालीस, सूनबाई म्हणती गाडी लई झ्याक चालती."

आत्या भाकरी थापतच राहिल्या. "मग काय सांगू? घरात वाद नको म्हणून."

"आन् माझं मनगट दुखतंय, उजवीकडची कडी फिरत न्हाई, तेवढी तिला सांजच्याला आवळून ठिवाय सांग म्हणलो व्हतो, ते सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. मला त्या म्हणाल्या होत्या, "मामांना तुझं लई कौतुक हाय." मी पाना घेऊन उभीच. इतक्या दिवसांचा सगळा संताप, आणि आता तो काढायचा कुणावर तेच कळेना.

 मामांनी खिशातून किल्ली काढून गाडीच्या सीटवर ठेवली आणि गोठ्याकडे जाता जाता पुन्हा आत्यांनाच म्हणाले, "तिला म्हणावं, उद्यापास्नं डावी मी उतरवून ठिवीन. उजवी तिनं बघावी. आन् गंजल्याली कडी दौंडातनं सोडवून आणावी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. शब्दन् शब्द ऐकला होता.

आत्यांनी हाताचं पीठ झटकलं, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मामा म्हणत्यात, जपून चालीव."