एडनचे कावळे

त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता माझी पत्नी वारली. डॉक्टर दहाला आले. अकराला मी शाळेत निरोप पाठवला. दुपारी आम्ही तिला नेलं.

तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होतं. आम्ही नालवाडीला दोन खोल्यांत राहत होतो. इथिओपियातल्या एका शाळेत गणित शिकवण्याची नोकरी मला मिळाली होती आणि दोघांनी जायचं ठरलं होतं. दोघांचा पासपोर्ट एकच होता, फोटो शेजारी-शेजारी. बोट आधी एडनला लागणार होती. तिथे माझा जुना मित्र मिठागरांच्या कंपनीत कारकून होता. तो मूळचा हिंगणघाटचा. नागपूरला कॉलेजात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली होती. आठ दिवस त्याच्याकडे राहायचं, मग दुसऱ्या बोटीनं पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून रेल्वेनं पुढे. हे सगळं मी तिला शाळेच्या नकाशावर बोटानं दाखवलं होतं. ती "बरं" म्हणाली होती. तिला जायचं आहे की नाही, हे मी विचारलं नव्हतं. निघायला दीड महिना असताना ताप आला आणि एकविसाव्या दिवशी ती गेली.

तापात ती काही बोलली नाही. मला वाटत राहिलं की घर सोडून जायच्या धास्तीनंच ती आजारी पडली. नकाशावर बोट ठेवणारा मीच होतो.

दहाव्या दिवशी पवनारला धाम नदीवर पिंड ठेवला. समोर बाभळीवर पाच-सहा कावळे होते. एकही खाली येईना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाला शब्द देतात. त्याच्या मनात राहिलेली गोष्ट कोणी ना कोणी ओळखतो, ती पुरी करण्याचं कबूल करतो, मग कावळा शिवतो. माझ्या मेव्हण्यानं तिच्या आईला सांभाळण्याचा शब्द दिला. सासऱ्यांनी गिरडच्या टेकडीवरचा तिचा राहिलेला नवस फेडण्याचा शब्द दिला. कावळे बसून राहिले. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "मी कुठे जात नाही. तुझं घर सोडत नाही. इथेच राहतो."

एक कावळा उडाला आणि नदीपलीकडे गेला. बाकीचे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही उठलो.

परतताना बैलगाडीत सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमचा शब्द तिनं घेतला नाई. मंग त्याच्यात अडकून कायले राहता? जा तुमी."

"मग तिला काय हवं होतं?"

"ते मले काय माईत? मी बाप. बापाले कोण सांगते?"

मी जायचं कायम ठेवलं. पण दिलेला शब्द मोडून मी निघालो आहे, की तिनं न घेतलेला शब्द मोडताच येत नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. त्यानंतरचे काही दिवस रोज सकाळी स्वयंपाकघरामागच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसायचा. ओरडायचा नाही. पोळीचा तुकडा टाकला तरी घ्यायचा नाही. मग तो यायचा थांबला. कोणत्या दिवशी थांबला ते मला सांगता येत नाही, कारण मी बघायचं सोडलं होतं.

मित्राला कळवण्याचं काम शेजारच्या वृद्ध मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी केलं होतं. सुतकात कर्त्यानं लिहू नये, असं ते म्हणाले. त्यांच्याकडे शाळेतल्या वड्यांची पाण्यात कालवलेली शाई होती. त्या शाईनं त्यांनी कार्ड लिहिलं, रिवाजाप्रमाणे एक कोपरा फाडला आणि पेटीत टाकलं. तेराव्यानंतर मी स्वतः पत्र लिहिलं : ठरल्याप्रमाणे येतो, अमुक बोट. तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, तारीख घालायचीही राहिली. कार्डात सगळं आलं होतं. पुन्हा लिहिणं मला जमलं नाही.

एडनच्या धक्क्यावर कचेरीतल्या माणसानं पासपोर्ट उघडला, दोन्ही फोटो पाहिले आणि माझ्या मागे पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिला. मग शिक्का मारून त्यानं पासपोर्ट माझ्याकडे सरकवला.  मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मित्र धक्क्यावर आला नव्हता. मी पत्ता दाखवत टॅक्सीनं क्रेटर भागात गेलो. तो भाग काळ्या, जळलेल्या डोंगरांच्या खळग्यात आहे. कुठे गवताची काडी नाही. दुपारचे तीन वाजले होते, दुकानं बंद होती आणि घरांच्या गच्च्यांवर कावळे बसले होते. आपल्याकडचेच, राखी मानेचे. ते इथे कसे आले असतील याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात दार सापडलं.

दार मित्राच्या बायकोनं, वहिनींनी, उघडलं. त्या आर्वीच्या. त्यांच्या लग्नात मी वाढपी होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सावकाश खाली पायांकडे. पायांकडे बराच वेळ पाहिलं. पावलं उलटी आहेत का ते त्या बघत होत्या, हे मला नंतर कळलं.

"अहो," मान न वळवता त्या म्हणाल्या. "इकडं या. ते आले."

"कोण ते?" आतून आवाज आला.

"ज्याईच्या नावानं पाणी सोडलं, ते."

मित्र बनियनवर बाहेर आला आणि उंबऱ्याच्या आतच थांबला. त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"कोण व्हय तू?"

"मी."

"मी तं कोणीबी म्हणन बे. सांग, नागपुरात माही रजई कोणी जाळली?"

"तूच. बिडी लपवताना."

"अन् रेक्टरले नाव कोणाचं सांगतलं?"

"माझं."

तो उंबऱ्यावरच बसला आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून हसायला लागला. हसणं लवकर थांबेना आणि पुढे ते हसणं राहिलं नाही.

कार्ड त्याला मिळालं होतं. बोटीवर टपालाची थैली भिजली असावी, कारण शाई पसरून सगळं निळं झालं होतं. वर्ध्याचा शिक्का, आमचा नालवाडीचा पत्ता आणि फाडलेला कोपरा, एवढंच उरलं होतं. अक्षर परक्याचं होतं. "वहिनी गेल्या असत्या तं तू लिहिलं असतं," तो म्हणाला. "मास्तर माणूस. तू लिहित नाई म्हंजे तूच गेला." असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून त्यानं दाराबाहेरच ते फाडून टाकलं. नंतर माझं पत्र आलं. ते त्याला मागे रेंगाळलेलं, जिवंतपणी लिहिलेलं वाटलं. तो ते घेऊन दोन दिवस ऑफिसात गेला नाही. पण हा खुलासा त्यानं मागाहून केला. त्या क्षणी तो नुसता बसून होता आणि मी उन्हात उभा होतो.

"असे आत नाई घेता येत त्याईले," वहिनी म्हणाल्या. "पाणी सोडलं आपण."

"अवं, जिता हाये तो!"

"जिते हायेत म्हणूनच."

त्यांनी मला पायरीवर बसवलं. डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. गुळाचा खडा जिभेला लावला, जन्मलेल्या मुलाला लावतात तसा. मग म्हणाल्या, "आता नाव ठेवा लागते. कानात सांगाले आत्या पायजे."

"एडनात आत्या कुठून आणू?" मित्र म्हणाला.

"मीच आत्या. तुमी तिकडं तोंड करा."

त्या वाकल्या आणि माझ्या कानात त्यांनी माझंच नाव सांगितलं. समोरच्या घराच्या खिडकीतून दोन अरब बायका पाहत होत्या. बत्तीस वर्षांचा मी ओल्या कपड्यांनी पायरीवर बसून ते नाव ऐकलं. ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं.

"झालं," मित्र माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "आता वहिनी कुठं हायेत? बोटीवरच ठेवल्या काय? का कोपऱ्यावर लाजून राह्यल्या?"

मी म्हणालो, "कार्ड तिचं होतं."

त्याचा हात माझ्या पाठीवरच राहिला.  मग वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मंग आपण कोणाले जेवू घातलं?"

"चूप राय," मित्र म्हणाला.

पण मी विचारलं. आत गेल्यावर, अंग पुसल्यावर, चहा समोर आल्यावर पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं.

मला मूल नाही, भाऊ नाही, माझं कोण करणार, म्हणून कार्ड मिळाल्यापासून दहाव्या दिवशी त्यानं समुद्रावर माझ्या नावाचा पिंड ठेवला होता. भटजी नव्हता. भात आणि काळे तीळ एका खडकावर ठेवून तो आणि वहिनी उभे राहिले. बाईनं येऊ नये म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. कावळे भरपूर होते.

"ते कावळे तुझ्या हातातली पोळी ओढून नेतात," तो म्हणाला. "बेशरम जात. पण त्या दिवशी एक शिवंन तं शपथ. मी म्हटलं, तुह्या शाळेतल्या पोराईले गणित कोणी तरी शिकवन. नाई. तुही पुस्तकं मी वर्ध्याहून आणवतो. नाई. तुह्यावरचा तो बिडीचा आळ मी परत घेतो. तरी नाई."

"मग?"

तो वहिनींकडे पाहू लागला.

"मी म्हटलं याईले," वहिनी म्हणाल्या, "की भाऊजीच्या घरच्यांचा शब्द द्या. म्हणा, वहिनीले इकडं आणतो, समुद्र दाखवतो, अन् पुढच्या गावालेबी पोचवून देतो. हे तसं बोलले. बोलून व्हाचं होतं, तं कावळा याईच्या पायापाशी उतरला. अख्खा भात खाल्ला. दुसऱ्याले जवळ येऊ देल्लं नाई."

मी कप खाली ठेवला. माझ्या मानेवर अजून पाणी होतं, की ते पुन्हा आलं, मला समजेना.

"समुद्राचं तुम्हाला का सुचलं?" मी विचारलं.

"त्याईनंच लिहिलं होतं मले."

"कोणी?"

"तुमच्या घरच्यांनी, भाऊजी. तुमाले माईत नाई?"

त्यांनी पत्र्याच्या डब्यातून घडी केलेला कागद काढला. वहीचा कागद, पेन्सिलीनं लिहिलेला. तिचं अक्षर मी हजार वेळा पाहिलं होतं, हिशेबात आणि पंचांगाच्या कडेला. एवढं लांब लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं होतं की बोटीत उलट्या होतात त्यावर काय घ्यावं. सुती लुगडी खाऱ्या हवेत टिकतात का. अंबाडीचं बी आणलं तर पुढच्या देशात उगवेल का. समुद्राचा आवाज घरात येतो का, की मुद्दाम जाऊन ऐकावा लागतो. खाली लिहिलं होतं की समुद्रपूरची मुलगी असून मी समुद्र पाहिला नाही म्हणून माहेरी सगळे चिडवतात, आता त्यांना सांगेन. शेवटी : "यांना कळवू नका. मला फार घाई झाली आहे असं वाटेल."

मी ते दोनदा वाचलं. पवनारला मी तिला काय शब्द दिला होता, ते मी त्या दोघांना सांगितलं. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

"तुमी त्याईले घरी बसवाले निघाले होते," त्या म्हणाल्या. रागानं नाही. "कावळा कसा शिवन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रानं मला तो खडक दाखवला. खडकासारखा खडक होता. पाणी येऊन आपटत होतं आणि कावळे माणसांच्या अगदी पायांजवळून चालत होते. मी खिशातून पोळी काढली. एकानं ती ताबडतोब हातातून नेली. मला हायसं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. गणित शिकवणारा माणूस आहे मी. भुकेला पक्षी भात खातो, याहून जास्त काही तिथे घडलं असं मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या दिवशी त्या कावळ्यानं इतरांना खरंच जवळ येऊ दिलं नाही का, हे मी मित्राला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं.

आठ दिवस मी तिथे राहिलो. वहिनी रोज चार ताटं वाढायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं चुकून. दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही. शब्द दिला होता, तो त्या पाळत होत्या. जेवणं झाली की चौथं ताट गच्चीवर जायचं आणि रिकामं खाली यायचं.

नवव्या दिवशी त्यांनी मला पुढच्या बोटीवर बसवलं. मित्रानं दोन तिकिटं काढली होती. मी एकाच तिकिटावर जाऊ शकतो, हे मी त्याला म्हणालो.

"मी पोचवतो म्हटलं होतं," तो म्हणाला. "तू मधात बोलू नको बे."

बोट निघाली तेव्हा मी डेकवर कठड्याशी उभा राहिलो. शेजारची जागा सोडून उभा राहिलो. गर्दी होती, तरी पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत त्या जागेवर कोणी आलं नाही.

त्या देशात मी नऊ वर्षं शिकवलं आणि मग वर्ध्याला परत आलो. अंबाडीचं बी वर्ध्याहून मागवून पेरलं होतं, पण ते तिथे उगवलं नाही. मित्र वारला. वहिनी नागपूरला मुलीकडे असतात आणि दिवाळीला पत्र लिहितात. मी दुसरं लग्न केलं नाही. तिचा तो कागद वहिनींनी मला दिला होता. तो माझ्याकडे आहे.