माप एकदाच घेणारे मेस्त्री

मेस्त्री नव्या माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, मानेकडे बघत. मी मस्कतला नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमची मान लांब आसा. तुमका गालाकडे उंच लाकूड लागतला." मी कारकुनी करायला आलो होतो. आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. माणूस आला की त्याच्या गालाला लाकूड कुठे टेकेल, हे त्यांच्या डोळ्यांना आपोआप दिसायचं. एकदा मराठी मंडळाच्या गणपतीला भारतातून एक बडे पाहुणे आले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांच्या कार्याचा परिचय संपता संपेना. मेस्त्री माझ्या शेजारी बसून बराच वेळ व्यासपीठाकडे रोखून बघत होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "ह्येंका मानच नाय." परिचयातलं तेवढं एकच वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे.

मेस्त्री मालवणच्या बाजूचे सुतार. आमच्या अर्बाबाचं, म्हणजे मालकाचं, शिकारीच्या आणि तंबूंच्या सामानाचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत मेस्त्रींचं टेबल होतं. तिथे ते रायफलींचे दस्ते करत. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग. नळी आणि चाप त्यात बसतात, मागचं टोक खांद्याला लागतं आणि वरच्या कडेवर गाल टेकतो. ओमानात शिकारीला मनाई आहे, पण परवान्याच्या बंदुका घराघरांत आहेत आणि ईदेला डोंगरात जाऊन नेम लावायची हौसही आहे. अर्बाब जन्माने झांझिबारचा. तो दरवर्षी आफ्रिकेत जाऊन रीतसर शिकार करायचा, परत आल्यावर मेस्त्रींसमोर बसून खजूर-कहवा घेत ती सगळी पुन्हा करायचा. तो मोडकं हिंदी बोले, मेस्त्री त्याहून मोडकं. दोघांचं उत्तम जमे.

मेस्त्रींची रीत अशी की माप एकदाच घ्यायचं. गिऱ्हाइकाला भिंतीपाशी उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे, हातात एक दांडकं द्यायचं आणि बंदुकीसारखं खांद्याला लाव म्हणायचं. मग "खोलो" म्हणायचं. डोळे उघडल्यावर नजर जिथे जाईल ते खरं. त्यावरून अक्रोडाचं लाकूड कापायचं, कोरायचं, घासायचं, आणि मग तेलाचे हात द्यायचे. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. यात महिने जात. कुणी मध्येच येऊन पुन्हा माप घ्या म्हणालं तर मेस्त्री दुखावत. "दुसऱ्यांदा माप घेतलंय म्हणजे पयल्यांदा झोपलेलो होतंय काय मी?"

अर्बाबाचा मोठा मुलगा हमद परदेशात शिकून आला आणि त्याने दुकानात चासी आणली. चासी म्हणजे लाकडाच्या जागी ॲल्युमिनियमचा सांगाडा. त्यात रायफल स्क्रूने घट्ट बसवायची. गालाची पट्टी वरखाली होते, मागचा भाग लांब-आखूड होतो, सगळं एका छोट्या किल्लीने. सोबतच्या माहितीपत्रकात ती इतकी गौरवली होती की वाचताना आपण बंदूक विकत घेतोय की सैन्य उभारतोय, ते कळेना. पण हमदचं म्हणणं खोटं नव्हतं. मस्कतच्या दमट हवेत लाकूड फुगतं, आतल्या वाळवंटात गेलं की आक्रसतं, स्क्रू ढिले पडतात आणि इथे जुळवलेला नेम तिथे चुकतो. मेस्त्रींचं म्हणणंही खोटं नव्हतं. जूनच्या उन्हात त्या धातूला गाल लावून बघा, म्हणजे समजेल.

"लाकूड जिता असता म्हणान हलता," मेस्त्री म्हणाले. "आणि ह्या काय? ह्या किल्ली फिरवली की वर, किल्ली फिरवली की खाली. ही बंदूक नाय, इस्पितळातली खाट."

हमदला मी याचा अर्थ सांगितला. तो मनापासून हसला. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, "मिस्त्रीला विचारा, खाटेवर एकच माणूस झोपतो का? घरात पाच जण असले तर पाच दस्ते करायचे?"

"होय," मेस्त्री म्हणाले. "पाच जणांक एक चड्डी घालतत काय?"

निकाल अर्बाबाने दिला. त्याच्या शिकारीच्या रायफलीचा जुना दस्ता मुठीपाशी तडकला होता. नवा करायचा तो लाकडाचाच, आणि मेस्त्रींनीच करायचा. येत्या ईदेला गावच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, सगळ्या भाऊबंदांसमोर त्याच रायफलीने तो पहिली गोळी झाडणार होता. त्यांच्याकडे तो मान घरातल्या थोरल्याचा. हमदने चासी मागवून ठेवली होती, ती खोक्यासकट फळीवर गेली. अर्बाब भिंतीपाशी उभा राहिला, डोळे मिटले, उघडले. माप झालं.

त्यानंतर अर्बाब आजारी पडला. उपचारांसाठी परदेशी जाऊन आला तेव्हा त्याचा अर्धा देह तिकडेच राहिला होता. तब्येत विचारली की "अल्हम्दुलिल्ला" म्हणे आणि विषय बदले. दुकानात सगळ्यांना दिसत होतं. एका मेस्त्रींना दिसत नव्हतं. माणसाची मान बघून त्याच्या गालाची उंची सांगणारा हा गृहस्थ अर्बाबाचा लोंबणारा दिशदाशा, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, बघून मला म्हणाला, "भाऊ, ह्येंनी शिंपी बदललो वाटता. ढगळ शिवता मेलो."

मी म्हणालो, "मेस्त्री, माप परत घ्या."

ते तेलाचा हात देत होते. मान वर न करता म्हणाले, "माप घेतलंय मी."

त्यांना खरंच दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. दुसरं माप घेतलं असतं तर जे चाललं होतं ते कबूल करावं लागलं असतं.

ईद आठवड्यावर आली. दस्ता तयार झाला होता आणि तो सुंदर होता, एवढंच सांगतो. हमद वडिलांना हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन आला. अर्बाबाने रायफल खांद्याला लावली. ती लागलीच नाही. नळी खाली झुकली. मेस्त्रींनी त्याला खुर्चीवर बसवलं, पुढे टेबल सरकवलं, नळीखाली वाळूची पिशवी ठेवली. तरी रायफलीवरच्या दुर्बिणीत डोळा येईना. गालावरचं मांस गेलं होतं, त्यामुळे चेहरा लाकडावर फार खाली बसत होता. शिवाय उभ्या माणसासाठी केलेला दस्ता बसलेल्या माणसाला लांब पडत होता.

"कुछ नहीं दिखता, मिस्त्री," अर्बाब म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता.

"दिखेगा अर्बाब. इन्शाल्ला."

मेस्त्रींनी मागून लाकूड कापलं. दोन दिवसांनी पुन्हा कापलं. लांबी जमली, पण गालाची उंची कमीच राहिली. लाकूड काढता येतं, उगवता येत नाही. वर तुकडा चिकटवायचा तर वाळून, घासून तयार व्हायला ईद उलटून गेली असती. ते नुसते टेबलाशी बसून राहिले.

ईदेच्या आदल्या दिवशी दुपारी मेस्त्री दुकानात पुढे आले. ते सहसा पुढे येत नसत. हमदसमोर उभे राहून त्यांनी हात पुढे केला.

"चाबी दो."

हमदला आधी कळलं नाही. कळल्यावर त्याने किल्ली दिली आणि फळीवरचं खोकं स्वतः काढून आणलं. मेस्त्रींनी आपल्या हाताने लाकडातून रायफल सोडवली आणि चासीत बसवली. मग आम्ही अल अमेरातला अर्बाबाच्या घरी गेलो. तो गाद्यांवर टेकून बसला होता. मेस्त्री त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, रायफल त्याच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "आँख बंद." मग, "खोलो." पट्टी वर केली. पुन्हा बंद, पुन्हा खोलो. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी अर्बाब म्हणाला, "बस. अब दिखता है." मेस्त्रींनी खिशातला रुमाल काढून गालाच्या पट्टीला गुंडाळला, म्हणजे धातू लागू नये.

वादीत सकाळीच पन्नासेक माणसं जमली होती. पलीकडच्या उतारावर एक पांढरा दगड ठेवला होता. अर्बाबाला गाडीतून खुर्चीसकट उतरवलं, पुढे टेबल आणि वाळूची पिशवी मांडली. त्याने बराच वेळ घेतला. पहिली गोळी दगडाच्या डावीकडे धूळ उडवून गेली. पुतण्यांपैकी कुणीतरी "माशाल्ला" म्हणालं, म्हातारं माणूस आहे, पुरे झालं, अशा अर्थाने. अर्बाबाने तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या गोळीला दगड फुटला.

त्याने रुमालावरून हात फिरवला आणि मेस्त्रींना जवळ बोलावलं.

"मिस्त्री, ये लकड़ी नहीं है."

"नहीं, अर्बाब."

"अच्छा है," अर्बाब म्हणाला.

मेस्त्रींनी मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला अर्बाबाने नावं ठेवली नव्हती, आणि आताही ठेवली नव्हती.

अर्बाब पुढच्या ईदेपर्यंत राहिला नाही. दफनाच्या वेळी मेस्त्री कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उन्हात उभे होते. आत बोलावलं तरी गेले नाहीत. वादीत चासीने जे केलं ते सगळ्या भाऊबंदांनी बघितलं होतं. नंतर दुकानात चासीची मागणी इतकी वाढली की हमदला मागच्या खोलीत माल ठेवायला जागा हवी झाली. त्याने मेस्त्रींना फार अदबीने बोलावलं, तंबूंच्या विभागात काम देऊ केलं. "मिस्त्री, तुम्हीच तर सगळ्यांना दाखवलंत," तो म्हणाला. तो कौतुकच करत होता. मेस्त्रींनी तंबू नको म्हणून सांगितलं आणि व्हिसा रद्द करायला पासपोर्ट पुढे केला.

मी त्यांना माबेलातल्या त्यांच्या खोलीवरून विमानतळावर सोडायला गेलो. गाडीत मला राग आवरेना. म्हणालो, "मेस्त्री, त्या दिवशी किल्ली मागितली नसती तर हे टेबल अजून तुमचं असतं. आजारी माणूस होता. नाही झाडली गोळी, असं म्हणून लोक घरी गेले असते."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "टेबल ऱ्हवला असता, होय. आणि तो गडी पन्नास माणसांत बंदूक न उचलताच गेलो असतो."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "त्याका दिसला ना, भाऊ? दगड दिसलो."

"दिसला, मेस्त्री."

विमानतळाच्या दाराशी गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. बोलायचं ते गाडीतच बोलून झालं होतं, आम्हाला तेवढा वेळही जास्त झाला.