दिनाकाकाचा भिंतभर टीव्ही

माझा काका दिनानाथ कामोठ्याला राहतो. घरात नवीन यंत्र आलं की तो मला फोन करतो. मुलगा मिथुन आणि सून कीर्ती त्याच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर असतात, पण त्यांना दाखवण्यात काही मजा नाही, कारण ते यंत्र त्यांनीच मोबाईलवरून मागवून दिलेलं असतं. म्हणून पनवेलच्या लाइन आळीतून मी रिक्षा करून जायचं, चपला काढायच्या आणि "वा काका" म्हणायचं. हे इतक्या वेळा झालंय की जनीकाकी मला दारातच सांगते, "आदी पानी पी बाय, मंग वा बोल."

मागे त्याने आपोआप झाडू मारणारं ते गोल यंत्र आणलं. काकी हॉलमध्ये पेपर पसरून सुकट निवडत बसली होती. कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली आणि तेवढ्यात ते यंत्र स्वतःच्या मर्जीने कोपऱ्यातून निघालं. त्याने सुकट तर गिळलीच, वर शहाण्यासारखं सगळ्या खोल्यांतून फिरून आलं. पुढे कितीतरी दिवस त्या घराला सुक्या मासळीच्या बाजाराचा वास येत होता आणि कीर्ती नाकाला ओढणी लावून जिना चढत होती. काकाला राग आला नाही. उलट तो मला कौतुकाने म्हणाला की बघ, एक काडी मागे ठेवली नाही त्याने.

थंडीत त्याने तेलाशिवाय तळणाऱ्या त्या मशीनमध्ये पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि ते मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ. शेतं राहिली नाहीत, जाळ कुठे करणार, म्हणून याने पाला थेट मशीनमध्ये कोंबला. आतल्या वाऱ्याने पाला उडून तापलेल्या तारेला चिकटला, धूर झाला, बिल्डिंगचा भोंगा वाजला आणि वॉचमन वाळूची बादली घेऊन वर आला. शेंगा मात्र हिरव्यागार राहिल्या होत्या. आम्ही त्या हसत हसत तशाच चावल्या. पण घरी येताना मला हसू येईना. पोपटीला आख्खी आळी लागते, आणि तिथे आम्ही तिघं होतो.

काकाचं खरं काम काय होतं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, माणसं जमवणं. तो नावाला शेती करायचा. भात झाला की मिठागरावर जायचा, पण जीव तिथे नव्हता. कामोठे तेव्हा गाव होतं, आणि आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही त्याचा. तो खिडकीत तोंड बाहेर करून ठेवायचा, म्हणजे अंगणात बसलेल्यांना दिसेल. हळदीला, गणपतीला पनवेलहून व्हिडिओ भाड्याने आणायचा आणि एकापाठोपाठ एक पिक्चर लावायचा. काकी जवळ्याची भजी काढायची, ती परातीने बाहेर जायची आणि परात रिकामी आत यायची. मी अंगणात बसून त्या भज्यांवर वाढले आहे, त्यामुळे या माणसाबद्दल मी कितीही वाकडं बोलले तरी ते घरच्यासारखं धरावं.

त्या गर्दीमागे आणखी एक माणूस होता, काळूराम. काकाचा लहानपणापासूनचा जोडीदार, मागच्या गल्लीतला. काका घरी बसून वायरी जोडायचा आणि काळूराम गावभर फिरायचा. प्रत्येक उंबऱ्यावर थांबायचा, म्हाताऱ्यांची नावं घेऊन सांगायचा की आज दिनाकडे व्हिडिओ आहे, या. आमच्यात बोलावणं म्हणजे एवढंच. पत्रिका कितीही गुळगुळीत छापा, माणूस स्वतः दारात येऊन तोंडाने बोलला नाही तर ते बोलावणं धरत नाहीत. काका मात्र आयुष्यभर समजत राहिला की माणसं टीव्हीसाठी येतात.

पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, गावाभोवती सेक्टर उभे राहिले. काकाची बिल्डिंग झाली आणि काळूराम गावठाणात जुन्या घरी राहिला. त्यावरून काही बिनसलं नाही. बिनसलं ते काळूरामच्या मुलीच्या, मनिषाच्या लग्नात. काळूराम धावपळीत होता. सगळ्या गावाला तो स्वतः जाऊन सांगून आला, आणि एक दिनाचं घर राहिलं, तर दिना काय, आपलाच, म्हणून त्याने मेव्हण्याच्या हाती पत्रिका पाठवली. माझ्या काकाने ती पत्रिका टीव्हीवर ठेवली आणि लग्नाला गेला नाही. काकीलाही जाऊ दिलं नाही. वर देवळासमोर चार माणसांत बोलला की काळूरामला आमच्या दाराची वाट सापडत नसेल. ज्याच्या पायांवर याचं अंगण भरत होतं, त्याला हे बोलला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मला त्या गोष्टीचा आजही संताप येतो.

मग काका यंत्रं घ्यायला लागला. पाय दाबणारी खुर्ची, गाणी लावणारा डबा, तो झाडूवाला. आणि यंदा क्रिकेटच्या फायनलच्या आधी त्याने हॉलची आख्खी भिंत व्यापणारा टीव्ही आणला. तो लिफ्टमध्ये मावला नाही. माणसांनी जिन्याने चढवला, वळणावर अडकला तेव्हा काका खाली उभा राहून त्यांना ओरडत होता. लावून झाल्यावर त्याने मला फोन केला, पण या वेळी "वा" म्हणायला नाही.

"बाय, मॅचला ये. आख्खा गाव येनार हाय," तो म्हणाला. "पूर्वीसारका बसू."

त्याचा आवाज इतका खूश होता की मी रजा टाकली.

मी पोचले तेव्हा काकीने पिंपभर पीठ कालवलं असावं. स्वयंपाकघरात भज्यांचा ढीग होता. तळणीच्या मशीनला तिने हात लावू दिला नव्हता, कढई काढली होती. शेंगदाणे, चिवडा, थंड बाटल्या, सगळं मांडलेलं. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या होत्या. काका आंघोळ करून त्या पाय दाबणाऱ्या खुर्चीत बसला होता, दोन्ही पाय त्या खोबणीत घालून. मी विचारलं की बोलावलं कोणी सगळ्यांना. त्याने मोबाईल पुढे केला. मिथुनने बॅट-बॉलचं चित्र टाकून झकास निमंत्रण बनवलं होतं, 'सर्वांनी सहकुटुंब यावे', आणि गावच्या ग्रुपवर टाकलं होतं. खाली अंगठेच अंगठे. काका एकेका अंगठ्यावर बोट ठेवून मला सांगत होता, हा येतोय, हा येतोय, हा बायकोला घेऊन येतोय.

मिथुन आणि कीर्ती कुठे आहेत म्हणून विचारलं तर ते पनवेलला कुठल्याशा हॉटेलात मोठ्या पडद्यावर मॅच बघायला गेले होते.

मॅच सुरू झाली. कोणी आलं नाही. आपल्या लोकांना वेळेची सवय नाही, असं काका म्हणाला. लिफ्टचा आवाज झाला की तो दाराकडे बघायचा आणि लिफ्ट पुढे वर जायची. एकदा बेल वाजली, काकी पदर सारखा करत धावली, तर शेजारच्यांचं पार्सल. त्या पोऱ्याला काकाने आत बोलावून भजी खायला लावली आणि तोही बिचारा घाईघाईत दोन खाऊन पळाला.

त्यात त्या टीव्हीची एक खोड निघाली. तो इंटरनेटवर चालतो, म्हणून सगळ्यांच्या मागे असतो. खाली पानवाल्याकडे, समोरच्या बिल्डिंगमध्ये लोक ओरडायचे, "गेला रे गेला", आणि आमच्याकडे बोलर अजून चेंडू पँटला पुसत असायचा. मग आम्ही तिघं त्या भिंतीएवढ्या फलंदाजाकडे बघत बसायचो, ज्याचं काय होणार हे आख्ख्या कामोठ्याला आधीच कळलेलं होतं. पहिल्यांदा आम्ही हसलो. नंतर काकाने उठून खिडक्या लावून घेतल्या.

भजी गार झाली तशी माझा धीर सुटला. मी त्याला म्हटलं, काका, ग्रुपवर बोलावलेलं गावात कोणी धरत नाही, हे तुला माहीत नाही का? तू स्वतः धरलं नाहीस. तू तर पत्रिका हातात येऊनसुद्धा धरली नाहीस. मॅच अजून संपलेली नाही. ऊठ, गावठाणात जा, काळूरामकाकाला सांग. तो निघाला की बाकीचे येतील. पूर्वीही ते असेच यायचे.

काकी कढईखालचा गॅस बंद करून दारात उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. हे कोणीतरी बोलावं म्हणून ती किती वर्षं थांबली होती कोण जाणे.

काका खुर्चीच्या बाजूला वाकला. मला वाटलं, चपला शोधतोय. तर त्याने खाली ठेवलेला मोबाईल उचलून काळूरामच्या सुनेला, शोभाला व्हिडिओ कॉल लावला. फोन टीव्हीला जोडलेला होता. मॅच गेली आणि भिंतीवर काळूराम आला.

एवढ्या वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केस पूर्ण पांढरे झाले होते. तो दाराजवळ खाटेवर बसला होता आणि त्याच्या मागे कसलाही आवाज नव्हता. सगळं गाव मॅच बघत असताना त्याच्याकडे टीव्ही बंद होता.

"काळू, ये ना रे," काका म्हणाला. "भजी निवली सगली."

काळूरामने फोनकडे नीट बघून घेतलं. "मी घरानच हाय, दिना. तू ये मना न्यायला."

"आता बोलतंय ना तुज्याशी? समोर दिसतंय ना मी तुना? आजून काय पायजे?"

"दारान ये. आत नको येऊस, बसू नको. नुसता दारान उबा रा नि बोल. मी लगेच येतंय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी आजवर कोणाला इतक्या साध्या शब्दांत विनवणी करताना ऐकलेलं नाही. दोन गल्ल्यांचा रस्ता. काकी कुजबुजली, "जावा ना." काकाने खोबणीतला एक पाय काढला. मग भिंतीवरच्या त्या एवढ्या मोठ्या तोंडाकडे बघून त्याला काय झालं देव जाणे. पाय त्याने परत आत ठेवला.

"गुडगा धरलाय रे," तो म्हणाला. "उद्या येतंय. नक्की."

"बरा," काळूराम म्हणाला. त्याने फोन सुनेकडे दिला. क्षणभर त्या घराचं छप्पर आणि गरगरता पंखा आमच्या भिंतभर दिसला आणि कॉल बंद झाला.

मॅच परत आली तेव्हा बाहेर फटाके सुरू झाले होते. आमच्या टीव्हीवर अजून शेवटचा चेंडू बाकी होता. काकीने भज्यांची परात उचलली आणि भरलेलीच आत नेली. मी मात्र बोलले. तुझा गुडघा ठणठणीत आहे, तो माणूस तिकडे तुझी वाट बघत होता आणि तू त्याला वायरीतून हाक मारतोस, तुझ्यासारखा कपाळकरंटा मी पाहिला नाही, असं सगळं बोलले. वयाने मोठ्या माणसाला असं बोलू नये. मला त्याचं काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्याने माझं ऐकलं की नाही कळेना. तो रिमोट हातात घेऊन बसला होता.

"टीवी बाकी एक नंबर हाय," तो म्हणाला. "किती साफ दिसला तो. शर्टाला इस्त्री केलेली त्यानं. वरचा बटन पन लावलेला." त्याने रिमोट मांडीवर ठेवला. "घरान बसाला कोन वरचा बटन लावतंय, बाय?"

मी दाराशी जाऊन चपला घातल्या. तो उठेल, निदान आता उठेल, म्हणून मी चपलेचा पट्टा उगाच काढत आणि लावत राहिले. तो उठला नाही.